थोरपणीची पाटी

‘साठी बुद्धी नाठी’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ती कुणी रचली कोण जाणे. पण साठी गाठलेल्या माणसाने रचली नसावी, एवढे खास! गंमत अशी की, ही म्हण स्वतःला लावून घ्यायला साठीची वाट पाहावी, असेही कुणाला वाटत नाही. पस्तिशीतले एखादे गृहस्थ मोठ्या हौसेने पेटी विकत आणतात, दोन महिने भाता हलवतात आणि मग ‘छे हो, आपलं शिकायचं वय गेलं’ असे म्हणून तिच्यावर कापड घालतात. घरातल्या बाईला इंग्रजी शिकावेसे वाटते. पण मुलगा सहावीत आणि आई ए-बी-सी गिरवते आहे, हे शेजारणीने पाहिले तर? झालं. पुस्तक पुन्हा फळीवर.

दुसऱ्याचे कशाला सांगू? माझ्याच टेबलावर कानडी शिकवणारे एक पुस्तक आहे. आणले त्याला दोन वर्षे झाली. ते आता आपले आपण सहाव्या धड्यापाशी उघडते, कारण तेथेच ते कितीदा तरी पालथे ठेवले गेले आहे. सहावा धडा आकड्यांचा. म्हणजे माझे कानडी अजून एक-दोन-तीनपाशीच अडले आहे.

असा हुरूप येतो तेव्हा तो खोटा नसतो, हे तुम्हीही मान्य कराल. मग तो जातो कुठे? आणि ज्यांचा गेला नाही त्यांनी तो राखला कसा? याची उत्तरे देणारी उपदेशाची पुस्तके बाजारात ढिगाने मिळतात. मी इतिहासाच्या वाटेने जाणारा माणूस. म्हणून मला वाटले, आपल्याकडच्याच काही जुन्या माणसांच्या दारी जाऊन पाहावे. तीही तुमच्या-माझ्यासारखी कामात गढलेली, घरसंसाराची माणसे होती. शिवाय त्यांतल्या काहींनी आपली हकीगत स्वतःच लिहून ठेवली आहे, ही आपली मोठीच सोय.

पहिले दार कलकत्त्याचे. साल १८८६. पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झालेले महादेव गोविंद रानडे त्या वेळी सरकारी फायनान्स कमिटीचे सभासद म्हणून तेथे गेले होते. वय चव्वेचाळीस. इंग्रजी, संस्कृत, इतिहास, अर्थशास्त्र यांत त्यांचा दबदबा एवढा की, विद्वानांनी त्यांच्याकडे शंका घेऊन यावे. या गृहस्थांनी काय करावे? बंगाली पुस्तके आणून मुळाक्षरांपासून अभ्यास सुरू केला. सकाळी न्हावी दाढी करायला येई. दाढी चालू असतानाच रानड्यांच्या हाती पुस्तक असायचे, आणि शब्द अडला की ते उच्चार विचारायचे त्या न्हाव्याला! रमाबाईंना याची मोठी मौज वाटली, आणि पुढे आठवणी लिहिताना त्यांनी ती आवर्जून नोंदवली. दत्तात्रेयांनी चोवीस गुरू केले असे आपण ऐकतो. त्यांत पक्षी आहेत, अजगर आहे, पिंगला आहे. रानड्यांनी कलकत्त्यास पंचविसावा जोडला, असे म्हणावे फार तर.

ही हकीगत आपण सहसा रानड्यांच्या बुद्धीचे कौतुक करण्यासाठी सांगतो. मला तिच्यात निराळेच काही दिसते. बंगाली भाषा मराठी माणसाला काही डोंगराएवढी नाही. अर्धे शब्द ओळखीचेच निघतात. अवघड होते ते न्हाव्याला विचारणे. ज्याच्यापुढे भलेभले हात जोडून उभे राहतात, त्याने गळ्याभोवती पंचा गुंडाळलेल्या स्थितीत, गालाला साबण लावलेला असताना, आपल्याला एक साधा शब्द म्हणता येत नाही हे कबूल करायचे! वय वाढले की स्मरणशक्ती कमी होते असे आपण म्हणतो, आणि ते थोडेबहुत खरेही असेल. पण वयाबरोबर वाढते ती मुख्यतः लाज. लहान मुलाला चुकायची लाज नसते, म्हणून ते दिवसातून शंभरदा चुकते आणि शंभर गोष्टी शिकते.

आता रमाबाईंचे. साताऱ्याकडच्या देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची ही मुलगी १८७३ साली, अकराव्या वर्षी, रानड्यांची द्वितीय पत्नी होऊन पुण्याला आली. माहेरी लेखन-वाचन नव्हते. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या माणसाने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले, म्हणून लोकांनी त्यांना पुष्कळ बोल लावले, आणि ते बोल खोटे नव्हते. पण लग्न होताच त्यांनी तिला शिकवायला घेतले. मुळाक्षरांपासून मराठी, मग इंग्रजी.

अकरा वर्षांची मुलगी म्हणजे काही थोर बाई नव्हे, असे तुम्ही म्हणाल. पण त्या काळचा हिशेब ध्यानात घ्या. लग्न झालेल्या मुलीचे शिकायचे वय संपलेलेच असे. बहुधा ते सुरूच होत नसे. घर एकत्र कुटुंबाचे, वडीलधाऱ्या बायका पुष्कळ. नवऱ्याजवळ बसून पुस्तक वाचणारी सून ही त्यांच्या दृष्टीने घराण्याची शोभाच घालवणारी. टोमणे, अबोला, स्वयंपाकघरातली धुसफूस, हे सारे रमाबाईंनी सोसले. पुढे मुलींचे हायस्कूल पुण्यात व्हावे म्हणून भरलेल्या सभेत त्यांनी गव्हर्नरसाहेबांपुढे इंग्रजीत मानपत्र वाचले. त्यातूनच हुजूरपागेची शाळा १८८४ साली उघडली. सभेत टाळ्या आणि घरी आल्यावर पुन्हा तेच बोलणे! रमाबाई उलट उत्तर करीत नसत. दुसऱ्या दिवशी धडा मात्र व्हायचा.

धडा व्हायचा, कारण तो घेणारा माणूस समोर असे. हे मी मुद्दाम सांगतो. हुरूप टिकवायला मनाचा निग्रह लागतो असे आपण समजतो, आणि निग्रह ढळला की स्वतःला दोष देतो. पण ‘काल दिलेला धडा म्हणून दाखव’ असे विचारणारे कुणी नसेल, तर निग्रहाचा बिचाऱ्याचा टिकाव किती लागणार?

१९०१ साली रानडे वारले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या आत होत्या. धडा घेणारा गेला. अशा वेळी पुष्कळांची पाटी कायमची पुसली जाते. रमाबाईंनी केले ते असे की, आता दुसऱ्यांचा धडा त्या घेऊ लागल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन निघाले. घरकाम उरकून येणाऱ्या मोठ्या वयाच्या बायकांसाठी तेथे वर्ग होते. सधवा येत, विधवा येत. शिकून कुणी शिक्षिका झाल्या, कुणी परिचारिका. लग्न झाले म्हणजे शिक्षण संपले, हा जो हिशेब रमाबाईंच्या वाट्याला आला होता, तो त्यांनी आपल्या हयातीत असा खोडून काढला. त्या १९२४ साली गेल्या.

पण या सगळ्यांत मला जवळची वाटते ती एक कोकणातली बाई. तिला रानड्यांसारखा नवरा शिकवायला नव्हता, नवराच नव्हता. पार्वतीबाई आठवले हे नाव आज फारसे कुणाच्या तोंडी नाही. जन्म १८७० चा, देवरुखच्या जोशी घराण्यातला. अकराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरी एक लहान मुलगा. केशवपन झालेले. पुढचे सारे आयुष्य माहेरच्या माजघरात, दुसऱ्यांची उष्टी-खरकटी काढण्यात जाणार, हे ठरल्यासारखेच होते. अक्षरओळख नाही.

त्यांची थोरली बहीण गोदूबाई. तीही बालविधवा. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात ती शिकली, आणि १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिने पुनर्विवाह केला. याच आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे. या लग्नापायी मुरूडच्या मंडळींनी कर्व्यांच्या घरावर बहिष्कार घातला होता. अशा बहिणीच्या आणि मेव्हण्याच्या आश्रयाला जाणे म्हणजे विधवेने आणखी एक बोलणे ओढवून घेणे. तरी पार्वतीबाई पुण्यास गेल्या. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची संस्था काढली होती. तेथे वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्यांनी पाटी हातात घेतली.

सव्विसावे वर्ष! डोळ्यांपुढे आणून पाहा जरा. डोक्यावरून आलवणाचा पदर घेतलेली बाई ‘क-का-कि-की’ गिरवते आहे आणि तिचा मुलगाही शिकण्याच्या वयाचा आहे. लाज वाटली नसेल असे थोडेच आहे? पण माजघरात परत जायचे नसेल तर शिकणे भाग होते. लाजेपेक्षा गरज मोठी ठरली. असे मी म्हणतो तेव्हा पार्वतीबाईंचे मोठेपण कमी होते असे मुळीच समजू नका. गरज हजारो बायकांना होती. ती ओळखून घराबाहेर पाऊल टाकणाऱ्या किती होत्या?

शिक्षण पुरे करून त्या आश्रमातच शिकवू लागल्या, आश्रमाची व्यवस्था पाहू लागल्या. हिंगण्याच्या माळावर आश्रमाची पहिली झोपडी १९०० साली उभी राहिली होती, आणि कर्वे पुण्यातले कॉलेजचे काम आटोपून पायी हिंगण्याला जात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पैसा कोठून येणार? पार्वतीबाई वर्गणी मागायला बाहेर पडल्या. गावोगाव हिंडायचे, सभेत उभे राहून बोलायचे, शिव्याशाप ऐकायचे आणि झोळी घेऊन पुढच्या गावी जायचे. काल ज्या बाईला चारचौघांत मान वर करायची चोरी होती, ती आज व्याख्याने देत होती. १९१२ साली त्यांनी केशवपन सोडून दिले. तेव्हा त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या. ही गोष्टही शिकण्यातच जमा धरली पाहिजे. किंबहुना अक्षरे शिकण्यापेक्षा ती अवघड असावी.

आणि मग त्यांना इंग्रजीची ओढ लागली. वर्गणी मागायला मोठ्या शहरांत, परप्रांतांत जायचे तर इंग्रजीवाचून अडते, हा रोजचा अनुभव. प्रयत्न करून पाहिले. पण हिंगण्याच्या कामात राहून अभ्यासाला सवड कुठली? दोन धडे झाले की कुठे तरी दौऱ्यावर निघायचे, परत येईतो पहिले दोन विसरलेले. (सहाव्या धड्यापाशी अडलेल्या माणसाला हे वाचून किती बरे वाटते, काय सांगू!) तेव्हा पार्वतीबाईंनी सरळ अमेरिकेची वाट धरली. जेथे इंग्रजीशिवाय पाणीसुद्धा मागता येत नाही, तेथेच जाऊन राहावे म्हणजे भाषा आल्याशिवाय राहणार नाही, असा रोखठोक विचार. साल १९१८. महायुद्ध अजून संपलेले नव्हते. वय अठ्ठेचाळीस. तेथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम करून पोट भरले, जमेल तशी भाषा शिकल्या, आश्रमासाठी मदत मागितली आणि १९२० मध्ये परत आल्या.

येथे जरा थांबतो. माहेरच्या माजघरातली भांडी चुकवायला ही बाई निघाली होती. ती निम्मे जग ओलांडून परक्या घरची भांडी घासायला गेली, असे कुणी छद्मीपणाने म्हणेल. पण माजघरातली भांडी तिच्यावर लादली होती, अमेरिकेतली तिने स्वतः पत्करली होती. काम तेच, पण पहिले करताना ती संपत आली होती आणि दुसरे करताना ती शिकत होती.

पार्वतीबाईंनी पुढे ‘माझी कहाणी’ या नावाने आत्मवृत्त लिहिले. ते १९२८ चे. लिहिले ते मराठीतच. १९३० मध्ये ते इंग्रजी वाचकांपुढे आले तेही रेव्हरंड जस्टिन अ‍ॅबट यांनी केलेल्या भाषांतरातून. म्हणजे इंग्रजीसाठी समुद्रापार गेलेल्या बाईची इंग्रजी कहाणी दुसऱ्याने लिहिली. यात कमीपणा आहे असे मला वाटत नाही. त्यांना इंग्रजी ग्रंथकार व्हायचेच नव्हते. चार माणसांपुढे उभे राहून आश्रमाचे काम सांगता आले पाहिजे, एवढीच त्यांची मागणी. आपण शिकायला बसतो तेव्हा पहिल्या दिवशीच भीमसेन जोशी व्हायचे ठरवतो, आणि महिन्याभरात तसे होता आले नाही की पेटीवर कापड पडते. कामापुरते मागावे, हा पार्वतीबाईंचा व्यवहार मोठा शहाणपणाचा होता.

त्यांचे मेव्हणे म्हणजे आपले अण्णासाहेब कर्वे. एकशे चार वर्षांचे आयुष्य लाभलेला हा पुरुष. त्यांच्याविषयी इतके लिहिले गेले आहे की मी दोनच गोष्टी सांगतो.

पहिली त्यांच्या लहानपणची. १८७५ साली हा मुलगा सहावीची सरकारी परीक्षा देण्यासाठी मुरूडहून निघाला आणि सोबत्यांबरोबर भर पावसात सह्याद्री चढून, चार दिवस पायपीट करून साताऱ्याला पोहोचला. परीक्षेला सतरा वर्षे पुरी असावी लागत. धोंडू अंगाने किरकोळ. परीक्षकांनी त्याच्याकडे पाहिले आणि हा लहान दिसतो म्हणून परत पाठवला! वय खरे म्हणजे पुरे भरले होते. पुढच्या साली कोल्हापूरला जाऊन त्याने ती परीक्षा दिली. मॅट्रिक झाला तो १८८१ मध्ये, तेविसाव्या वर्षी. तेव्हा ‘तुझे वय नाही’ हे वाक्य माणसाला दोन्ही टोकांना ऐकावे लागते. एकदा तू अजून लहान म्हणून आणि नंतर तू आता मोठा म्हणून. मधली जी चार वर्षे बिनतक्रार मिळतात ती कधी येऊन जातात हे कळतही नाही.

दुसरी गोष्ट एका पुडक्याची. जपानमधल्या स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका अण्णांकडे टपालाने आली होती. त्यांनी ती वरवर चाळून बाजूला ठेवली आणि ती तशीच पडून राहिली. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांच्याकडे आले. भाषण तयार करायचे म्हणून त्यांनी ती पुस्तिका पुन्हा हातात घेतली, आणि या वेळी वाचली ती निराळ्याच डोळ्यांनी. पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, महिला विद्यापीठ निघाले. अण्णा तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. आज ज्याला आपण श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ म्हणतो तेच हे.

फळीवर पडलेले पुस्तक म्हणजे वाया गेलेले पुस्तक, असे म्हणण्याची घाई करू नये, एवढ्यासाठी ही गोष्ट सांगितली. पण ते पुन्हा खाली काढावे लागले ते परिषदेचे भाषण समोर उभे राहिले म्हणून, हेही विसरू नये. पुढे अण्णा एकाहत्तराव्या वर्षी, १९२९ साली, जगाच्या प्रवासाला निघाले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी मंडळ काढले. शहाऐंशीव्या वर्षी समता संघ. १९५८ साली भारतरत्न आणि १९६२ च्या नोव्हेंबरात अखेर. ही यादी वाचून आपली छाती दडपते. म्हणून मी ती लवकर संपवली. रोज सकाळी उठून त्यांनी ‘मी कोण होणार’ याचा विचार केला असेल असे मला वाटत नाही. ‘आज कोणाकडे वर्गणी मागायची’ हा विचार नक्की केला असेल.

ही झाली नावाजलेली माणसे. बिननावाच्या माणसांचे काय? जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर घाम गाळलेली माणसे दिव्याच्या उजेडात अक्षरे ओळखायला बसत. त्यांची नावे कुणी टिपून ठेवली नाहीत. स्वातंत्र्यानंतर, १९५९ साली, सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, आणि पुढे ती राज्यभर गेली. तिची एक युक्ती मला फार मार्मिक वाटते. शिकायला बसवले ते एकेकट्या निरक्षराला हेरून नव्हे. सगळ्या गावाचीच ती गोष्ट केली. गावातली निरक्षर मंडळी शिकून निघाली की गावाचा ग्रामगौरव समारंभ व्हायचा. मग पाटलाचा चुलता पाटी घेऊन बसला आहे आणि शेजारी त्याचाच गडी बसला आहे, सासू बसली आहे आणि सूनही बसली आहे. कुणी कुणाला हसायचे? एकट्याला लाज वाटते. सगळा गावच बाराखडी म्हणू लागला की लाज पळून जाते. आणि आपल्यापायी गावाचा समारंभ अडेल, ही टोचणी रोज रात्री माणसाला वर्गाकडे ओढून नेत असेल, ते निराळेच.

हे सारे लिहीत असताना कानडीचे ते पुस्तक टेबलावर समोरच होते. पालथेच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचे एक दुकान आहे. दुकानदार मूळचा धारवाडकडचा. गेली आठ वर्षे तो माझे कपडे घेतो आणि आठ वर्षे आम्ही मराठीतच बोलतो. परवा कपडे टाकायला गेलो तेव्हा मनाचा हिय्या करून म्हटले, “अहो, आज जरा कानडीत मोजा ना.” त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिले. मागे दोन गिऱ्हाइके उभी होती, त्यांनीही पाहिले. मग तो एकेक सदरा उचलून मोजू लागला. ओंदु, एरडु, मूरु, आणि मी त्याच्यामागून म्हणू लागलो. ‘ऐदु’ला त्याने मला दोनदा थांबवले. कपडे सातच होते, त्यामुळे ‘एळु’पाशी आमचा धडा संपला. त्यातला ‘ळ’ मला बरा जमला, असे तो म्हणाला. शनिवारी चादरी घेऊन या, म्हणाला, म्हणजे दहापर्यंत जाऊ.